वीतभर जागा

मी एक जुने दार आहे. घराचे नव्हे, गाडीचे. एका निळ्या गाडीचे डावीकडचे, पुढचे दार. मित्रांनो, दार म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे उंबरा येतो, कडी येते, कुलूप येते. माझ्याकडे उंबरा नाही आणि कडीही नाही. मला एक काच आहे, एक मूठ आहे, पाण्याची बाटली ठेवायला खाच आहे आणि माझ्या उघडणाऱ्या कडेवर लिंबाच्या सालीसारखा पिवळा एक डाग आहे. तो आता कापडी पट्टीखाली झाकलेला असतो. झाकला म्हणून तो गेला असे मात्र होत नाही. मला त्या डागाविषयीच सांगायचे आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या भल्यामोठ्या गुंडाळीतून माझा तुकडा कापला गेला आणि एका यंत्राने एकाच दणक्यात मला आकार दिला. मग रंग चढला, रबर बसले, बिजागऱ्या लागल्या. माझ्या बिजागऱ्यांना दोन थांबे आहेत. मला हलकेच उघडले की मी पहिल्या थांब्यावर थांबते. कोणी आणखी जोर लावला की दुसऱ्या थांब्यापर्यंत जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गाड्यांच्या दुकानात माझे फार कौतुक झाले. गाडी घ्यायला येणाऱ्यांना इंजिनातले काही कळत नसे, पण ते कळत नाही असे दाखवायचेही नसे. मग ते मला उघडून बंद करत, आवाज ऐकत आणि मान हलवत. 'दार कसं भारी आहे बघा,' असे म्हणत गाडी विकत घेत. त्या दिवसांत मी हवेत होते. आपल्या हातून कोणाला कधी इजा होईल हे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

माझ्या मालकांचे चष्म्यांचे दुकान होते. काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्यांना लांबून दिसे आणि तीच नजर घेऊन ते गाडीकडे बघत. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारत, कधी वाकत, कधी एक डोळा मिटत, आणि खिशातल्या मऊ फडक्याने काहीतरी पुसत. मालकीणबाई वरून खिडकीतून म्हणत, "झाली का पूजा?" मालक ऐकून न ऐकल्यासारखे करत.

आमची इमारत चार मजल्यांची होती आणि गाड्यांची जागा तळाशी, खांबांच्या मध्ये होती. आमच्या उजवीकडे एक जाड खांब होता. डावीकडे शेजारच्या ताईंची छोटी, लिंबू रंगाची गाडी उभी असे आणि तिच्या पलीकडे भिंत. ताई घरी केक करत आणि स्वतः नेऊन पोचवत. ती गाडी त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. तिच्या मागच्या काचेवर 'हळू, आत केक आहे' असे त्यांनी रंगवून घेतले होते आणि खरोखरच त्या वळणावर अशा काही सावकाश वळत की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत.

मालकांना त्या खांबाची भारी धास्ती होती. आपल्या बाजूचे दार खांबाला लागले तर, या विचाराने त्यांना झोप येत नसे. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. समोरच्या भिंतीवर खडूने एक उभी रेघ मारली आणि गाडीचे नाक बरोबर त्या रेघेवर आणायचे, असा नियम केला. रेघ जागेच्या मधोमध नव्हती, चांगली डावीकडे सरकलेली होती. त्यामुळे मालकांना उतरायला ऐसपैस जागा मिळे. ते उतरत, हातपाय ताणत, आणि खांबाकडे बघून समाधानाने मान हलवत. माझ्या बाजूला मात्र वीतभर जागा उरे. तिकडे त्यांचे लक्ष कधी गेले नाही, कारण त्या बाजूने ते स्वतः कधी उतरत नसत. उतरत ते आजोबा.

आजोबा म्हणजे मालकांचे वडील. ते सुतार होते. साऱ्या आयुष्यात त्यांनी दारे आणि खिडक्याच केल्या. मला ते आल्याआल्या आवडले, कारण त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, बिजागरीकडे वाकून बघितले आणि पसंतीचा हुंकार दिला. मालक मला धाडकन लावत तेव्हा ते म्हणत, "अरे, दार ढकलायचं नसतं. हातातून सोडायचं असतं." ते स्वतः मला असे सोडत की आत बसलेल्याला कळतही नसे. इतक्या वर्षांत मला असा हात दुसऱ्या कोणाचा मिळाला नाही.

आता त्यांचे गुडघे गेले होते आणि कानही. कानात यंत्र होते, पण गाडीत बसले की त्यात नुसती घरघर ऐकू येई, म्हणून ते यंत्र काढून खिशात टाकत आणि मजेत बाहेर बघत बसत. दर रविवारी मालक त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन जात. तिथे आजोबांची मोठी बहीण राहायची, तिच्या मुलीकडे. सगळे तिला आक्का म्हणत. आक्काचे वय झाले होते आणि आठवण विरत चालली होती. मुलीला ती कधी शेजारीण समजे, कधी नर्स. जावयाला तर तिने घराबाहेरच काढले होते एकदा. पण आजोबा दारात दिसले की तिचा चेहरा उजळे. "आलास का रे बारक्या," असे ती म्हणायची, आणि मग तासभर त्यांना लहानपणच्या चुकांबद्दल रागवायची. परतीच्या वाटेवर आजोबा एकेक सांगत आणि स्वतःशी हसत. आक्काच्या जगात ओळखीचे एकच माणूस उरले होते, आणि ते माझ्यातून चढत उतरत होते. याचा मला अभिमान होता.

सुरुवातीला मालक त्यांना फाटकापाशीच उतरवत. पण तिथे चढ होता, मागून गाड्या यायच्या, आणि आजोबा एकदा रागावून म्हणाले, "मला सामानासारखं बाहेर ठेवू नकोस." तेव्हापासून तेही आतपर्यंत येऊ लागले. गाडी रेघेवर उभी राहिली की मालक उतरत, "बाबा, या हळूहळू," असे म्हणत आणि मागे जाऊन पिशव्या काढायला लागत.

आजोबा दोन्ही पाय बाहेर टाकत. एक हात आसनावर, एक हात माझ्या मुठीवर. मग श्वास घेऊन ते सगळा भार माझ्यावर टाकत आणि उठत. मित्रांनो, तुम्हाला ते दोन थांबे आठवतात ना? पहिल्या थांब्यापर्यंत जागा होती. तेवढ्या फटीतून माझ्यासारखे दार सडपातळ माणसाला बाहेर सोडू शकले असते. पण भार पडला की मला पहिल्या थांब्यावर राहणे जमत नसे. मी पुढे जाई आणि माझी कड लिंबू रंगाच्या गाडीवर जाऊन आदळे.

पहिल्यांदा ते झाले तेव्हा मी हादरून गेले. 'टक' असा आवाज झाला. फार मोठा नव्हता, पण पत्र्याला पत्र्याची वेदना कळते. त्या छोट्या गाडीच्या दारात एक पोचा पडला होता. आजोबांना ऐकूच आले नाही. त्यांनी मला नेहमीसारखे अलगद सोडले, वर माझ्या अंगावर हलकेच थोपटले आणि काठी टेकत गेले. मालक डिकीत डोके घालून पिशव्या मोजत होते. ऐकले ते फक्त मी.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढच्या. मी बिजागरी आवळून धरायचा प्रयत्न करी. पण दार म्हणजे काय, जो ढकलेल त्याच्यामागे जाणारी वस्तू. मला फार अपराधी वाटे. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुठल्या दाराला भिंतीवर आपटू दिले नाही, त्याच्याच हातून हे होत होते आणि त्याला सांगायला मला तोंड नव्हते.

ताईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एके सकाळी त्या मालकांची वाट बघत उभ्या राहिल्या. अगदी नरमाईने त्यांनी दारावरचे पोचे दाखवले आणि म्हणाल्या की बहुतेक तुमच्या गाडीचे दार लागते आहे, जरा बघाल का. झाले. मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याही अंगावर एक जुना पोचा होता. बाजारात एका टेम्पोवाल्याने दिलेला, हे मला माहीत आहे. पण मालकांनी त्याचे खापर ताईंवर फोडले. आमच्या दाराला कोणी मारले ते आधी सांगा, असे ते म्हणू लागले. ताईंनी आवाज चढवला नाही, म्हणून मालकांचा आणखी चढला.

"हे बघा मॅडम," ते म्हणाले, "दार कसं उघडायचं हे आमच्या घराला कोणी शिकवायला नको. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दारं केलीत."

आजोबा तेव्हा माझ्या आत, आसनावर बसले होते. मुलाने दवाखान्यात न्यायचे म्हणून लवकर खाली आणले होते. यंत्र खिशात होते. काचेतून त्यांना ताई दिसल्या, तेव्हा त्यांनी हसून हात हलवला. ताईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितले. मग त्यांनीही हात हलवला आणि त्या निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी मालकांनी खांबावर एक कागद चिकटवला. 'कृपया आपल्या गाडीचे दार जपून उघडावे. शेजाऱ्याचा विचार करावा.' अक्षर सुंदर होते. दवाखान्यातून येताना गाडीत त्यांनी मोठ्या आवाजात, आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळा प्रसंग रंगवून सांगितला. तुमचे नाव घेतले तेव्हा कशा गप्प झाल्या, हेही सांगितले. आजोबा खूश झाले. म्हाताऱ्या माणसाला आपल्या कामाचे नाव कोणी घेतले की बरे वाटते. मला मात्र ते ऐकवेना.

ताईंनी पोचे काढणाऱ्या कारागिराला बोलावले. तो रबरी वाटी आणि आकड्यासारखी सळी घेऊन आला आणि दुपारभर दाराला आतून हळूहळू टेकू देत, बाहेरून ओढत, त्याने पत्रा सरळ केला. काम छान झाले. ताईंनी दारावर हात फिरवला तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्याचा ताप उतरल्यावर होतो तसा झाला. मग त्यांनी दुसरी गोष्ट केली. त्या आपली गाडी भिंतीला जवळजवळ खेटून लावायला लागल्या. इतकी की तिकडचे दार उघडेच ना, आणि केकचे खोके भिंतीच्या बाजूने काढता येईना. त्या सगळे वळसा घालून मागच्या दारातून काढत. हे सगळे कशासाठी, तर आम्हाला आणखी एक वीत मिळावी म्हणून.

आणि मालकांनी काय करावे? डावीकडे जागा वाढली हे त्यांच्या तीक्ष्ण नजरेने पहिल्याच दिवशी टिपले. त्यांनी फडक्याने जुनी खडूची रेघ पुसली आणि तेवढीच डावीकडे नवी मारली. खांब आता आणखी लांब गेला. ते शिट्टी वाजवत वर गेले. माझ्या बाजूला पुन्हा तीच वीत उरली, आणि रविवारी मी नव्याने सरळ केलेल्या पत्र्यावर पुन्हा आदळले.

त्यानंतरचा एक रविवार मला विसरता येत नाही. आक्काच्या घरासमोर मोकळी जागा होती, ऊन होते. मालक बाजूला फोनवर बोलत होते. आजोबा मला उघडे धरून आत बसले होते, आणि सवयीने त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. रंधा मारलेली फळी बघावी तसा. मध्येच अंगठा अडला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, वाकून बघितले. निळ्यावर पिवळे. त्यांनी नखाने खरवडून पाहिले आणि नखातले पिवळे बराच वेळ बघत राहिले.

परत येताना त्यांनी यंत्र कानातून काढले नाही. सगळी घरघर सहन करत बसले. गाडी रेघेवर उभी राहिली. मालक मागे पिशव्यांकडे गेले. आजोबांनी मला थोडेसेच उघडले, शेजारच्या गाडीच्या दाराकडे बघितले आणि पाय बाहेर टाकून जपून उठायला लागले. गुडघ्यांनी साथ दिली नाही. भार आला आणि मी गेले. टक.

या वेळी त्यांनी ऐकले.

ते पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "अरे, जरा हात दे रे."

"आलो बाबा, आलो," मालक मागून म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "एवढं ठेवतो आणि आलो."

आजोबांनी वाट बघितली नाही. त्यांनी मला हातही लावला नाही. छताची कड धरून, अंग वाकडे करून, गुडघा आपटून घेत ते कसेबसे बाहेर पडले. जाताना त्यांनी खांबावरचा कागद वाचला. सगळा वाचला. मग ते जिना चढून गेले आणि पुढच्या रविवारी खाली आलेच नाहीत.

गुडघे दुखतात, असे त्यांनी घरात सांगितले. मालकांनी गुडघ्याचे पट्टे आणले, तेल आणले, डॉक्टरांना दाखवले. आजोबांनी पट्टे बांधून घेतले, तेल चोळून घेतले, पण गाडीत बसायला ते तयार होईनात. मुलाला खरे सांगावे तर तो शेजारणीशी भांडला होता, तेही बापाच्या नावाने. सांगू नये तर त्या गाडीवर दर रविवारी एक नवा पोचा बघायचा. त्यांनी तिसराच मार्ग काढला. दारच उघडायचे नाही. ते मी समजू शकले, कारण माझी जात तीच. पण तिकडे आक्का होती.

एकदा मालक दुकानातून येत असताना आतेबहिणीचा फोन आला. गाडीत तो सगळ्यांना ऐकू जातो, म्हणजे मलाही.

"मामा येत नाहीत का रे हल्ली?" ती म्हणाली. "आई रविवारी सकाळपासून दाराकडे तोंड करून बसते."

"गुडघ्यांनी धरलंय गं त्यांना," मालक म्हणाले. "बरं वाटलं की आणतो."

"लवकर आण. तिचं काही खरं नाही. रोज काहीतरी गळतंय."

मालक 'हो हो' म्हणाले. फोन ठेवला, गाडी बरोबर रेघेवर लावली आणि उतरले. माझ्यातून त्या दिवसांत कोणीच चढत उतरत नव्हते. मी बंद होते आणि आत अपराध कुजत होता.

मग एक साधी गोष्ट घडली. चष्मे विकणाऱ्या मालकांना स्वतःचे डोळे तपासून घ्यावे लागले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, सगळे धूसर झाले, आणि गाडी चालवायला मालकीणबाई बसल्या. मालक आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूला बसले. रस्ताभर त्यांनी बायकोला सूचना दिल्या. दिसत काही नव्हते, पण सूचना चालूच होत्या. इमारतीत शिरल्यावर तर विचारू नका.

"खडूची रेघ दिसते ना? नाक तिच्यावर आण. डावीकडे घे. अजून. खांब, खांब सांभाळ."

मालकीणबाईंनी दात ओठ खात गाडी बरोबर रेघेवर आणली आणि उतरून चालू लागल्या. मालकांनी मला उघडले. पहिल्या थांब्यापर्यंत मी गेले आणि थांबले. मालक तब्येतीने चांगले भरलेले. त्यांनी एक पाय बाहेर काढला, पोट अडकले. परत आत गेले. दोन्ही पाय काढले, आता खांदा अडकला. "अगं, इथून माणूस उतरणार कसा?" ते म्हणाले. मालकीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "तुम्हीच आखलीय ना रेघ." मालकांनी चिडून एक हात आसनावर ठेवला, एक माझ्या मुठीवर ठेवला आणि सगळा भार टाकून उठले.

टक.

ते तसेच अर्धे उभे राहिले. डोळ्यांना दिसत नव्हते म्हणून त्यांनी हात पुढे केला. शेजारच्या दारावरून बोटे फिरवली. एक पोचा लागला, त्याच्या खाली दुसरा, मग आणखी. सगळे एकाच उंचीवर. मग त्यांनी माझी कड हळूच त्या पोच्यात टेकवून बघितली. ती तिथे अशी बसली की जणू मापाने करून आणली होती.

मालकीणबाई हसायच्या थांबल्या. "काय झालं हो?"

"बाबा इथून उतरायचे," मालक म्हणाले. "दर रविवारी. एवढ्यातून."

ते वर गेले नाहीत. बायकोला पुढे पाठवून तिथेच खांबाला टेकून, डोळे चोळत उभे राहिले. थोड्या वेळाने ताई खोके घेऊन खाली आल्या. मालकांना बघून त्या जरा थबकल्या. मालकांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"ताई, तुमच्या गाडीला आमचंच दार लागत होतं. मी उगाच तुम्हाला बोललो."

ताईंनी खोके आपल्या गाडीच्या टपावर ठेवले. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी एकदा गाडीत बसले होते, आजोबा उतरताना. त्यांना ते कळलंही नाही."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"आजोबा काचेतून हात हलवत होते. त्यांच्यासमोर काय सांगू? तुम्ही त्यांना बोलला असतात. मग ते खाली यायचेच बंद झाले असते." त्यांनी टपावरचे खोके सरळ केले. "म्हणून म्हटलं, मीच जरा सरकून घेते."

मालकांना तेव्हा समोरच्या भिंतीवरची पुसलेली रेघ आणि तिच्या डावीकडची नवी रेघ धूसर का होईना, दिसली असावी. कारण ते बराच वेळ तिकडेच बघत होते.

"ते यायचे बंद झालेच आहेत," ते म्हणाले.

वर घरात काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मी तळाशी असते. मला एवढे माहीत आहे की दुसऱ्या दिवशी खांबावरचा कागद निघाला, गोंदाचे चार ठिपके राहिले. खडूची रेघ पुसली गेली आणि पुन्हा मारली गेली नाही. ताईंच्या गाडीचे पोचे काढायला तोच कारागीर पुन्हा आला, या वेळी मालकांनी बोलावलेला. आणि रविवारी जिन्यावर काठीचा आवाज आला.

आजोबांच्या खिशात जाड लोकरी कापडाची पट्टी होती आणि हातात गोंदाची डबी. कोणाला हात न लावू देता त्यांनी ती पट्टी माझ्या कडेवर वरपासून खालपर्यंत चिकटवली. कोपरा इतका नेटका वळवला की कारखान्यातल्या लोकांनीही बघत राहावे. पिवळा डाग त्यांनी पुसला नाही. त्याच्यावरून पट्टी नेताना त्यांचा अंगठा तिथे जरा रेंगाळला. ताई तिथेच उभ्या होत्या. आजोबांनी त्यांच्याकडे वळून हात जोडले.

"पोरी, माझ्या हातून झालं गं हे."

ताईंनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरले. "हात नका जोडू आजोबा. माझ्या किचनचं दार अडकतंय, ते बघायला या." आजोबांनी मान हलवली.

आता रीत बदलली आहे. मालक आत आल्यावर मधल्या मोकळ्या वाटेत थांबतात, उतरून माझ्याकडे येतात, मला दुसऱ्या थांब्यापर्यंत पूर्ण उघडतात आणि आजोबांना हात देतात. ते सावकाश उभे राहिले की मगच मालक गाडी जागेवर नेतात, खांबाला खेटून, आणि स्वतः गिअरवरून पोट ओढत माझ्या बाजूने बाहेर पडतात. मालकीणबाईंना त्यात फार करमणूक वाटते. खांबाने उजवीकडच्या दाराला एक ओरखडा दिलाच. मालकांनी तो बघितला आणि फडके खिशातच ठेवले.

पण मला त्या रविवारचे सांगायचे आहे, पट्टी लावली त्या रविवारचे. आम्ही आक्काच्या घरी गेलो. आजोबा हौसेने उतरले. नेहमी ते आक्कापाशी तासभर बसत. त्या दिवशी ते लवकर बाहेर आले. माझ्यातून आत बसले आणि मला लावायचे विसरले. मालकांनी बाहेरून मला हलकेच सोडले, आवाज न करता. पहिल्यांदाच.

गाडी निघाली. आजोबांनी यंत्र काढले नाही आणि बाहेरही बघितले नाही. मालकांनी शेवटी विचारले, "काय म्हणाली आत्या?"

"बसा म्हणाली," आजोबा म्हणाले. "मला. या, बसा म्हणाली. पाणी घ्या म्हणाली."

मालकांनी गाडी कडेला घेतली.

"मी म्हटलं, मी सुतार. तर म्हणाली, माझा धाकटा भाऊपण सुतार आहे. दर रविवारी यायचा." आजोबांनी माझी मूठ घट्ट धरली होती. "म्हणाली, हल्ली येत नाही. काही चुकलं का माझं, कोण जाणे."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या दाराने तुम्हाला काय शिकवावे? दार उघडण्याआधी बाहेर बघा, शेजारी कोणाची गाडी आहे ते बघा, हे तुम्हाला कोणीही सांगेल आणि ते खरेच आहे. माझी विनवणी एवढीच आहे, की बाहेर बघून झाले की एकदा आतही बघा. स्वतःच्या बाजूला ऐसपैस जागा घेताना दुसऱ्या बाजूने कोण उतरणार आहे आणि त्याला किती जागा उरली आहे, ते बघा. आणि कोणी हात मागितला तर पिशव्या खाली ठेवा. पत्र्यावरचा पोचा कारागीर येऊन काढतो. वाया गेलेले रविवार काढून देणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

आम्ही अजूनही दर रविवारी जातो. आजोबा सोबत हत्यारांची पिशवी नेतात. त्यांनी आक्काच्या कपाटाचे दार नीट केले, खिडकीची कडी बसवली, आता पलंगाचा पाय दुरुस्तीला घेतला आहे. आक्का त्यांना मानाने बसवते आणि दाराकडे तोंड करून भावाची वाट बघते. सुतार तिच्या शेजारीच बसलेला असतो.